औषधाचा खर्च आणि रोग्याचें गुपित

निरनिराळ्या राष्ट्रांत रोग्याच्या औषधोपचाराचा खर्च कोण सोसतो, हा प्रश्न वर्तमानपत्रांतून वारंवार चर्चिला जातो. त्या चर्चेसोबत बहुधा एखादें कोष्टक असतें. अमेरिका देशाच्या एकूण उत्पन्नाचा शेंकडा सतरांहून अधिक भाग आरोग्यावर खर्च करते, जर्मनी बाराच्या आसपास, ब्रिटन अकराच्या आसपास, आणि आपला देश चारांच्याहि आंत, असें त्यावरून कळतें. हीं कोष्टकें खोटीं नव्हेत, व तीं पाहून मनुष्यानें विचारांत पडावें हेंहि योग्यच आहे. परंतु त्यांत एक रकाना कधींच नसतो, आणि आमच्या मतें गृहस्थाश्रमी माणसाला तोच रकाना अधिक जवळचा आहे. जो खर्च करतो त्याला रोग्याच्या रोगाविषयीं किती कळतें, हा तो रकाना होय.

पैसा आणि गुपित हे दोन विषय वरवर पाहतां अगदीं वेगळे दिसतात. पहिला अर्थशास्त्राचा, दुसरा शिष्टाचाराचा. पण हल्लीं कोणत्याहि दवाखान्यांत पाऊल टाकलें कीं केसपेपरावर तक्रार लिहिण्याच्या अगोदर मोबाईलचा नंबर विचारतात, आणि औषधाच्या दुकानांत डोकेदुखीच्या चार गोळ्या घेतांनाहि तोच प्रश्न येतो. हा नंबर कोणाचा द्यावयाचा याचा विचार पुष्कळ कुटुंबांत झालेलाच नसतो. जो पैसे काढतो तो आपला नंबर सांगून मोकळा होतो. त्या एका ओळींत हे दोन्ही विषय एकमेकांस भेटतात. म्हणून या महिन्यांत आम्हीं त्यांचा एकत्र विचार करण्याचें योजिलें आहे.

वैद्यानें रोग्याचें गुपित राखावें हा नियम परकीयांकडून आपल्याकडे आला असा कित्येकांचा समज असतो. ग्रीक वैद्य हिपॉक्रेटिस याच्या नांवानें चालत आलेली शपथ त्यांच्या डोळ्यांसमोर असते. चरकसंहितेच्या विमानस्थानांतील आठवा अध्याय ज्यांनीं पाहिला असेल त्यांस हें सांगणें नको कीं, शिष्याला दीक्षा देतांना आचार्य जे नियम सांगतात त्यांत, रोग्याच्या घरांत जें कांहीं दृष्टीस पडेल तें वैद्यानें बाहेर नेऊं नये, असा स्पष्ट नियम आहे. नियम उत्तम आहे. परंतु आयुष्यभर संस्कृत शिकविल्याच्या संवयीनें आम्ही त्या स्थळाच्या शब्दयोजनेकडे पाहतों, तेव्हां एक गोष्ट नजरेंत भरते. तेथें जें राखावयाचें तें रोग्याच्या कुळाचें वृत्त आहे. त्याच अध्यायांत, पति अथवा पालक जवळ नसलेल्या स्त्रीवर वैद्यानें उपचार करूं नयेत, असेंहि सांगितलें आहे. म्हणजे गुपित राखावयाचें तें जगापासून. घरच्या कर्त्या पुरुषाला तें कळणें गृहीतच धरलेलें आहे. त्या काळीं खर्च करणारा तोच व जाणणाराहि तोच, त्यामुळें कोणी कोणापासून काय राखावें हा प्रश्न पडण्याचें कारणच नव्हतें. रोगी एक आणि पैसे भरणारा दुसराच, तोहि नात्याचा ना गोत्याचा, अशी व्यवस्था मोठ्या प्रमाणावर प्रथम जर्मनींत अस्तित्वांत आली, व तेथें हा प्रश्न कायद्यालाच सोडवावा लागला.

इ. स. १८८३ मध्यें बिस्मार्कच्या कारकीर्दींत कामगारांच्या आजारपणाच्या विम्याचा कायदा झाला. वर्गणीचे दोन हिस्से कामगारानें व एक हिस्सा मालकानें द्यावा असें ठरलें. समाजवाद्यांचा जोर मोडावा हा बिस्मार्कचा हेतु त्याच्या काळींहि कोणापासून लपलेला नव्हता. पण हेतु कांहींहि असो, व्यवस्था टिकली. आज तेथील सुमारें दहांपैकीं नऊ माणसें अशा सार्वजनिक विमासंस्थांचे सभासद आहेत. मूळ वर्गणी पगाराच्या शेंकडा १४.६ असून मालक व नोकर ती निम्मी निम्मी भरतात. शिवाय प्रत्येक संस्थेची आपली अशी थोडी जास्त वर्गणी असते. पगार ज्याचा लहान त्याची वर्गणी लहान. उपचार मात्र आजार पाहून.

आतां निम्मी वर्गणी जर मालक भरतो, तर नोकराला झालें आहे काय हें जाणण्याचा हक्क त्याला असावा कीं नाहीं? आपल्याकडच्या एखाद्या कारखानदारास विचारावें, तो म्हणेल, अर्थात् असावा, पैसे आमचे जातात. जर्मनांनीं याचें उत्तर एका चिठ्ठींत देऊन ठेविलें. डॉक्टर आजारपणाची रजा लिहून देई तेव्हां तिच्या निरनिराळ्या प्रती निघत. विमासंस्थेकडे जाणाऱ्या प्रतीवर रोगाचा सांकेतिक अंक असे. मालकाकडे जाणाऱ्या प्रतीवर तो नसे. हा इसम अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत कामास असमर्थ आहे, इतकेंच. त्याचें पोट दुखतें आहे, मन बिघडलें आहे, कीं आणखी कांहीं, हें मालकाला कळावयाचें नाहीं. लोक तिला पिवळी चिठ्ठी म्हणत. २०२३ पासून कागद बंद झाला आणि मालक यंत्राद्वारें विमासंस्थेकडून माहिती मागवूं लागला, पण ती तारखांचीच. आम्हांस ही पिवळी चिठ्ठी फार आवडते. खर्च करणाऱ्याला हिशेबापुरतें कळावें आणि तेथेंच थांबावें, हें तत्त्व त्या लोकांनीं कागदावरच्या एका कोऱ्या जागेंत उतरविलें, आणि ती जागा कोणी भरूं नये याची काळजी घेतली.

नव्या युगाचा मोह मात्र त्यांनाहि सुटलेला नाहीं. २०२५ च्या आरंभापासून सार्वजनिक विम्यांतील प्रत्येक माणसाचें आरोग्याचें एक डिजिटल बाड उघडण्यांत आलें. ज्याला नको असेल त्यानें तसें कळवावें, न कळवील त्याचें उघडणार. पूर्वीं हेंच बाड ज्याला हवें असेल त्यानें मागावें असा क्रम होता. त्याच्या थोडेंच आधीं, डिसेंबर २०२४ मध्यें, संगणकाच्या कुलुपांची परीक्षा घेणाऱ्या तेथील एका प्रसिद्ध मंडळानें या व्यवस्थेंत फटी आहेत असें जाहीर सभेंत दाखवून दिलें होतें. हें बाड मोबाईलवर पाहतां येतें.

ब्रिटनची कथा अधिक बोधप्रद आहे. तेथेंहि आरंभ विम्यानेंच झाला. लॉइड जॉर्जच्या १९११ च्या कायद्यानें कामगाराला डॉक्टर मिळाला, पण त्याच्या बायकोला व मुलांना मिळाला नाहीं. त्यांचा डॉक्टर नवऱ्याच्या खिशांतून यावयाचा, आणि खिसा रिकामा असला म्हणजे यावयाचा नाहीं. पुढें बेव्हरिज यांचा अहवाल १९४२ त आला, १९४६ त कायदा झाला, आणि अन्यूरिन बेव्हन हे मंत्री असतांना ५ जुलै १९४८ या दिवशीं राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली. खर्च मुख्यतः सर्वसाधारण करांतून. प्रत्येक माणसाचें, बायकोचें, मुलाचें, म्हातारीचें नांव डॉक्टराच्या वहींत स्वतंत्र. (कवळ्या आणि चष्म्यांवर आकार बसविण्याचें ठरलें म्हणून हेच बेव्हन १९५१ त मंत्रिपद सोडून गेले. तत्त्वासाठीं राजीनामा देणारा मंत्री, तोहि कवळ्यांसाठीं! पुढच्याच वर्षीं औषधाच्या चिठ्ठीवरहि आकार आला, व इंग्लंडांत तो अजून आहे.)

या व्यवस्थेचा एक गुण अर्थशास्त्रज्ञांच्या कोष्टकांत येत नाहीं. डॉक्टराचें बिलच नाहीं, म्हणून त्याची पावती नाहीं. पावती नाहीं म्हणून घरीं येणारें पाकीट नाहीं. पाकीट नाहीं म्हणून तें फोडणारा कोणी नाहीं. १९११ च्या बाईला नवऱ्याकडे पैसे मागावे लागत, आणि पैसे मागतांना कारण सांगावें लागे. १९४८ च्या बाईला यांतलें कांहींच करावें लागलें नाहीं.

हा गुण अपघातानें आला असें कोणी म्हणेल, तर त्यानें आणखी बत्तीस वर्षें मागें जाऊन १९१६ सालाकडे पाहावें. पहिलें महायुद्ध चालू होतें आणि गुप्तरोगांचा प्रसार फार झाला होता. सरकारी आयोगाच्या चौकशीनंतर त्या सालीं असे नियम करण्यांत आले कीं, स्थानिक संस्थांनीं या रोगांवरील उपचाराचीं केंद्रें उघडावींत, उपचार फुकट असावा, गुप्तता राखावी, आणि खर्चाचे चार आण्यांपैकीं तीन आणे सरकारी तिजोरीनें सोसावे. फुकट आणि गुप्त हे दोन शब्द तेथें एकत्र आले ते केवळ दयाबुद्धीनें नव्हे. लाजेच्या रोगाचा रोगी बिल मागावयास येत नाहीं. तो वैदूकडे जातो, किंवा घरीं बसून रोग बायकोला देतो, हें त्या व्यवहारी लोकांनीं ओळखलें होतें. रोग आटोक्यांत यावयाचा तर रोग्यानें आलें पाहिजे. त्यानें यावयाचें तर कोणाला कळतां कामा नये. आणि कोणाला कळूं नये असें वाटत असेल तर पैशाचा माग राहतां कामा नये. आमच्यासारख्या मॅट्रिक झालेल्या शाळामास्तरानें राज्यकारभाराच्या शास्त्रांत फार शिरूं नये हें खरें. पण हा तर्क वर्गांत न्यायाचें उदाहरण म्हणून शिकवावा इतका निर्दोष आहे असें आम्हांस वाटतें.

परंतु खर्च सरकार करूं लागलें म्हणजे जिज्ञासाहि सरकारला होते. इंग्लंडांतील डॉक्टरांच्या वहींतील माहिती एका ठिकाणीं गोळा करण्याची एक योजना २०१४ त घरोघरीं पत्रकें वाटून पुढें आली. लोकांनीं इतका गवगवा केला कीं ती थांबवावी लागली, व २०१६ त गुंडाळण्यांत आली. २०२१ त तसाच दुसरा प्रयत्न झाला, तेव्हां थोड्याच आठवड्यांत दहा लाखांहून अधिक लोकांनीं 'आमची माहिती देऊं नये' असें लिहून कळविलें, आणि तोहि बेत लांबणीवर पडला. या दोन्हींपेक्षां वाईट गोष्ट मधल्या काळांत घडली. रोग्यांचे पत्ते वगैरे तपशील परदेशी लोकांवर नजर ठेवणाऱ्या गृहखात्याला पुरविण्याचा करार झाला, आणि तो २०१७ च्या आरंभीं उघडकीस आला. हद्दपारीच्या भयानें आजारी माणसें दवाखान्यांत येईनाशीं होतील असें डॉक्टरांनीं व पार्लमेंटच्या समितीनें बजाविल्यावर २०१८ त तो मागें घेतला गेला. सरकारचा एक हात औषध देतो आणि दुसरा पत्ता विचारतो, असें झालें म्हणजे १९१६ चें शहाणपण पाण्यांत जातें.

याच सेवेचें मोबाईलवरचें ॲप आहे. डॉक्टराच्या वहींतील नवीन नोंदी रोग्याला त्या ॲपवर आपोआप दिसाव्यात असें २०२२ च्या नोव्हेंबरपासून ठरलें, तेव्हां अनेक डॉक्टरांनीं घेतलेली हरकत आमच्या वाचकांनीं लक्षांत ठेवण्यासारखी आहे. कांहीं घरांत, ते म्हणाले, बायकोचा मोबाईल नवऱ्याच्या हातांत असतो. मारहाण झाल्याचें तिनें आम्हांस सांगितलें, आणि तें आम्हीं लिहिलें, तर तें तिच्या आधीं तो वाचील. चोर बाहेरचा नसतो, त्याला कुलूप फोडावें लागत नाहीं, किल्ली त्याच्याच जवळ असते.

अमेरिकेविषयीं आम्ही फार लिहीत नाहीं. तेथील व्यवस्था इतकी गुंतागुंतीची आहे कीं ती तेथील लोकांनाहि उलगडत नाहीं. दुसऱ्या महायुद्धांत पगारवाढीला बंदी असल्यामुळें मालकांनीं नोकरांना विम्याचें आमिष दाखविलें, आणि तात्पुरती सोय कायमची झाली. वृद्धांसाठीं व गरिबांसाठीं सरकारी तरतूद १९६५ त झाली. बाकीच्यांचा विमा बहुधा नोकरीशीं बांधलेला, व बायकामुलांचा त्या नोकरदाराशीं. उपचार झाला कीं विमा कंपनी त्याचा तपशील विमेदाराच्या नांवें घरीं पाठविते. रोगी मुलगी असली तरी पाकीट बापाचें. २०१० च्या कायद्यानें सव्वीस वर्षें पुरीं होईपर्यंत मुलांना आईबापांच्या विम्यांत राहतां येऊं लागलें, ही सोय मोठीच झाली. पण पंचवीस वर्षांच्या कमावत्या मुलीनें मानसोपचार घेतला कीं स्त्रीरोगाची तपासणी केली, हें बापाला टपालानें कळूं लागलें. कॅलिफोर्निया राज्यानें २०१३ त कायदा करून अशा रोग्याला पत्र दुसऱ्या पत्त्यावर मागवितां येईल अशी सोय केली. इतरत्र कित्येक तरुण मंडळी विमा असतांना रोख पैसे देतात. ज्यांच्याजवळ रोख नाहीं तीं जातच नाहींत.

आणि स्वस्त औषधाच्या मागें लागलेल्यांची आणखीच वेगळी तऱ्हा. औषधांवर सूट मिळवून देणारें गुडआरएक्स नांवाचें ॲप तेथें लोकप्रिय आहे. कोण कोणतीं औषधें शोधतो ही माहिती या कंपनीनें फेसबुक, गुगल वगैरेंना पुरविली असा आरोप तेथील व्यापार आयोगानें २०२३ त ठेविला, व कंपनीनें पंधरा लाख डॉलर दंड भरून प्रकरण मिटविलें. रोग्याच्या गुप्ततेचा १९९६ चा कायदा तेथें आहे. पण तो डॉक्टर, इस्पितळें व विमा कंपन्या यांना बांधतो, अशा ॲपना सहसा नाहीं. पैसे वांचवावयास गेलेल्या माणसानें तेथें किंमत दुसऱ्या नाण्यांत चुकविली.

आतां आपल्या घरीं येऊं. १९४३ त नेमलेल्या आरोग्यविषयक समितीचे अध्यक्ष सर जोसेफ भोर हे जन्मानें नाशिकचे व पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे विद्यार्थी होते. त्यांच्या समितीनें १९४६ त असा अहवाल दिला कीं, पैसे देण्याची ऐपत नाहीं म्हणून कोणाहि व्यक्तीस योग्य उपचारावांचून राहावें लागूं नये. ब्रिटनची सेवा सुरू होण्यापूर्वींच हें आपल्याकडे लिहिलें गेलें होतें. तें लिहूनच राहिलें. राष्ट्रीय हिशेबाप्रमाणें २०१३-१४ सालीं आरोग्यावर खर्च होणाऱ्या दर शंभर रुपयांतील ६४ रुपये कुटुंबाच्या खिशांतून थेट जात होते. २०२१-२२ त हा आकडा ३९ वर उतरला, ही समाधानाची गोष्ट आहे. तथापि त्याच सालीं सरकारी खर्च एकूण राष्ट्रीय उत्पन्नाच्या शेंकडा १.८४ इतकाच होता, आणि २०१७ च्या राष्ट्रीय धोरणांत २०२५ पर्यंत अडीचांचा संकल्प सोडलेला होता. महाराष्ट्रांत २०१२ त जीवनदायी योजना आली, तिला पुढें महात्मा जोतिराव फुले यांचें नांव मिळालें. केंद्राची पांच लाखांची योजना २०१८ त निघाली, आणि २०२४ च्या ऑक्टोबरपासून सत्तरी ओलांडलेल्या सर्वांना, उत्पन्न न पाहतां, तिचा लाभ खुला झाला. आम्हांस तेथवर पोंचावयास अजून कांहीं वर्षें आहेत. शिवाय १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य खात्याच्या दवाखान्यांतील उपचार निःशुल्क करण्यांत आले, ही गोष्ट आमच्या वर्गांतील लोकांना फारशी ठाऊक नसते, कारण तेथें आपण जात नाहीं.

आपण जातों तें खाजगी डॉक्टराकडे आणि खाजगी लॅबकडे, आणि पैसे देतो घरचा कर्ता. म्हणजे चरकाच्या काळचीच व्यवस्था. फरक इतकाच कीं, आतां मध्यें मोबाईल आहे.

आमच्या परिचयाच्या एका घरांत नुकतेंच घडलेलें वृत्त सांगतों. नांवगांव अर्थातच सांगत नाहीं. एकत्र कुटुंब, सुशिक्षित, प्रेमळ. लॅबमध्यें, डॉक्टराकडे, सर्वत्र सासऱ्यांचा नंबर, कारण पूर्वींपासून पैसे तेच देत आले. धाकट्या सुनेला बाळंतपणानंतर उदासीनतेचा विकार जडला होता, व ती नवऱ्याच्या संमतीनें मानसोपचारतज्ज्ञाकडे जात होती. औषधाचें रक्तांतील प्रमाण तपासावयाचें होतें. रिपोर्ट सासऱ्यांच्या मोबाईलवर आला, आणि चष्मा जवळ नसल्यामुळें त्यांनीं तो चहाच्या वेळीं नातवाला मोठ्यानें वाचावयास सांगितला. कोणाचा हेतु वाईट नव्हता. कोणी तिला टोंचून बोललेंहि नाहीं. उलट सर्वांनीं इतकी काळजी केली, बाळाजवळ तिला एकटी सोडूं नये असें आपसांत इतक्या हळू आवाजांत ठरविलें, कीं ती मुलगी खोलीबाहेर येईनाशी झाली. पुढच्या तपासण्या तिनें गांवाच्या दुसऱ्या टोंकाच्या एका लॅबमध्यें, माहेरच्या आडनांवानें, बहिणीचा नंबर देऊन, साठविलेल्या पैशांतून रोखीनें केल्या. नवऱ्याच्या कंपनीच्या विम्यांतून त्या खर्चाची भरपाई मिळण्यासारखी होती. पण बिलावर नांव दुसरें. तिनें ती मागितली नाहीं. कांहीं महिन्यांनीं साठविलेले पैसे संपले, तेव्हां तपासण्याहि थांबल्या. सुदैवानें डॉक्टर शहाणे होते, त्यांनीं बोलावून घेतलें, आणि आतां प्रकृति सुधारते आहे.

कॅलिफोर्नियांतील मुलगी आणि ही सून यांच्यामध्यें सात समुद्र आहेत, परंतु दोघींनीं केलें तें एकच. दोघींनाहि गुपित विकत घ्यावें लागलें, आणि तें पुरेल इतका पैसा असेपर्यंतच तें टिकलें.

कायदे याबाबतींत आपल्याकडे नाहींत असें नाहीं. खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनीं ऑगस्ट २०१७ मध्यें एकमतानें दिला. मानसिक आरोग्याच्या २०१७ च्या कायद्यांत गुप्ततेचें कलम आहे. एचआयव्हीविषयींच्या त्याच सालच्या कायद्यांतहि आहे. नंबर दिल्याशिवाय माल देत नाहीं असा हट्ट दुकानदारांनीं धरूं नये, असें केंद्राच्या ग्राहक खात्यानें २०२३ च्या मे महिन्यांत बजाविलें आहे. औषधाच्या दुकानांत 'नंबर देणार नाहीं' असें शांतपणें म्हणावें, गोळ्या मिळतात. त्याच सालीं ऑगस्टमध्यें वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्यें प्रसिद्ध झाले. मात्र २०११ च्या जुन्या नियमांत आरोग्याच्या माहितीला नाजूक म्हणून जो वेगळा वर्ग होता, तो या कायद्यांत ठेवलेला नाहीं. आणि एखाद्या व्यक्तीनें घरगुती कारणासाठीं माहिती हाताळली तर हा कायदा लागूच होत नाहीं, असें त्यांत स्पष्ट आहे. तें योग्यच आहे. चहाच्या टेबलावर कोणी शिपाई आणून बसवूं नये. पण त्याचा अर्थ असा कीं, उंबरठ्याच्या आंत कायदा यावयाचा नाहीं.

सरकारहि घराला एकच मोबाईल धरून चालतें. लसीकरणाच्या वेळीं एका नंबरावर प्रथम चार व पुढें सहा माणसांची नोंद करतां येई. तेव्हां ती सोयच होती, कारण २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय पाहणीप्रमाणें पंधरा ते एकूणपन्नास वर्षांच्या शंभर स्त्रियांपैकीं चौपन्न स्त्रियांजवळच स्वतः वापरावयाचा मोबाईल होता. आतां २०२१ पासून चौदा आंकड्यांचें 'आभा' खातें आलें आहे. तें ऐच्छिक आहे, आणि रोग्याच्या संमतीवांचून त्यांतील कागद कोणाला दिसावयाचे नाहींत असा त्याचा नियम आहे. परंतु संमति बहुधा ओटीपीनें द्यावयाची असते, आणि ओटीपी ज्याच्या मोबाईलवर येतो, संमति त्याची ठरते. सुनेचें आभा सासऱ्यांच्या नंबरावर काढलेलें असेल तर संमति सासरे देतील, तींहि प्रेमानें.

येथें आमच्या कांहीं वाचकांच्या मनांत आलेला आक्षेप आम्हांस ऐकूं येतो. घरांत गुपितें कशाला हवींत? ज्या घरांत एका चुलीवर अन्न शिजतें तेथें आजार लपवावयाचे काय? हा आक्षेप घेणारे बहुधा आमच्या वयाचे गृहस्थ असतात. त्यांस आम्ही नम्रतेनें विचारतों, आपल्या लघवीच्या तक्रारीविषयीं आपण सुनेला कधीं सांगितलें? छातींत कळ आली ती रात्र मुलाला कळविली, कीं 'उगीच घाबरतील' म्हणून उशी पाठीशीं घेऊन बसून काढली? लपविणें आणि सांगण्याची वेळ आपण ठरविणें यांत भेद आहे. तो हक्क आपण स्वतःपुरता मुकाट्यानें वापरतों. सुनेला किंवा कॉलेजांतल्या नातवाला तो नसावा असें म्हणण्याला आधार इतकाच कीं पैसे आपण देतों. मालकहि जर्मनींत पैसे देतो. त्याला तारखा कळतात.

म्हणून एका संध्याकाळीं घरांतील सर्वांनीं बसून कोणाचा नंबर कोठें लिहिला आहे हें एकदां तपासावें: फॅमिली डॉक्टर, लॅब, विमा, आभा. प्रौढ माणसाच्या नांवापुढें त्याचाच नंबर असावा. ज्या म्हाताऱ्या माणसाला मोबाईल हाताळतां येत नाहीं, त्यानें कोणाचा नंबर द्यावयाचा तें त्यालाच विचारावें. मुलाचा न देतां शेजारच्या मैत्रिणीचा द्यावा असें एखादी आजी म्हणाली तर तोच लिहावा. पैसे नेहमींप्रमाणें कर्त्यानेंच द्यावे. पावती त्याला मिळावी, आणि पावतीवर रक्कम व तारीख असली म्हणजे त्याचा हिशेब पुरा होतो. ज्या घरांत सुनेच्या किंवा मुलीच्या हातीं स्वतःचा मोबाईल नाहीं, तेथें तिनें लॅबला 'रिपोर्ट मोबाईलवर पाठवूं नका, कागदावर द्या' असें सांगावें. बहुतेक ठिकाणीं तो अजून लिफाफ्यांत घालून मिळतो. लिफाफ्यावर नांव रोग्याचें असतें, आणि तो न्यावयास रोग्यानें स्वतः जावें.